थरमास

भांडीबाजारात ठोक्यांखाली
दुपार अजून पुरती सपाट व्हायची होती.
अंबादास तांबटांनी आमचा थरमास कानाशी धरला,
हलवला, नारळ पारखावा तसा.
"काच शाबूत आहे. वाजत नाही."
मग बूड उघडून दाखवलं:
काचेची एक इवली शेपटी,
टोक उडालेलं.
"इथून हवा शिरली.
दोन भिंतींच्या मधे काही नव्हतं,
ते गेलं."

काही नव्हतं, ते गेलं.
रिफिलचे एकशेऐंशी. पावती नाही.

त्यांचे आजोबा बंब ठोकायचे, घंगाळी, हंडे.
ठोका सोसतं ते भांडं;
ही काय वस्तू, शिंकलं तरी तडकेल.
पण विकतात. आणि गिऱ्हाईक रेंगाळलं
तर नावाची गोष्टही सांगतात:
ज्यानं पहिल्यांदा केली त्याला चहाशी घेणं नव्हतं,
हवेचं पाणी करून ते गार ठेवायचं होतं.
नाव पडलं नंतर, जर्मनीत. कारखानदारानं म्हणे चढाओढ लावली,
कुणीतरी पत्र टाकलं,
आत एक ग्रीक शब्द. अर्थ, ऊब.
"आणि पत्र टाकणारा?"
"त्याचं नाव कोण ठेवतं!"

नववीत गर्गेबाईंनी फळ्यावर लिहिलं होतं
घर्म, खाली बाण, घाम.
बाजूला कंसात घर्माची ग्रीक बहीण.
ती परीक्षेला नव्हती, मी वहीत घेतली नाही.
आज त्र्यंबक नाक्याला सिग्नलवर आठवली,
मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला थरमास
आणि कंडक्टर सुट्टे मागत असताना.

म्हणजे अण्णा सातपूरच्या फोर्जिंगमधून
दुसरी पाळी संपवून यायचे,
पाठीवर मीठ वाळलेला शर्ट
आणि सायकलच्या हँडलला हा लाल थरमास,
तेव्हा एकच शब्द
दोनदा घरी यायचा.
मी मात्र दारातच त्यांना सुधारायची:
थरमास नाही अण्णा, थर्मॉस.

रात्री त्यांनी त्यात उकळतं पाणी भरलं,
झाकण आवळलं, घड्याळ पाहिलं.
बाहेर डिसेंबर, अशोकनगरच्या गल्लीत
कुत्रीसुद्धा रिक्षाच्या सीटवर.
पाळी सुटून अकरा वर्षं झाली,
पण साडेपाचला उठतातच.
झाकण फिरवण्याचा आवाज मला अंथरुणात आला.
उठून पाहिलं तर चष्मा पांढरा, नाक लाल.
"आहे," म्हणाले,
आणि त्या पाण्यानं दाढीला बसले,
एकशेऐंशी जास्तच घेतले, म्हणत.