उत्तरेची खूण

ऑक्टोबरात पाखरांच्या आधी पोचायचं, एवढाच आईचा नियम.
ग्रीनव्हिलच्या मेथडिस्ट चर्चमागं गुलाबी डॉगवुड,
त्याची लाल फळं ओंजळभर, कोटाच्या खिशात.
पाद्री विचारायचे, "डेल्फिया, काय नेतेस?"
"बाळं," म्हणायची, आणि चालू लागायची.

मग दोन दिवस बादलीत भिजत.
गर बोटांनी चोळून काढायचा.
तरंगेल ते पोकळ, बुडेल ते जिवंत.
ओल्या वाळूत घालून पिशवी फ्रीजमध्ये,
भाजीच्या खणात, गाजरांशेजारी,
वर जाड अक्षरांत: खायचं नाही.
हिवाळ्याचा धाक दाखवल्याशिवाय
बी कुणाचं ऐकत नाही, म्हणायची.
एका नाताळात माझ्या नवऱ्यानं ती पिशवी
कचऱ्यात टाकली.
रात्री अकराला आई टॉर्च घेऊन डब्यात वाकलेली.
चौसष्टांतल्या एकसष्ट सापडल्या.
उरलेल्या तिघींबद्दल डॅरेलला अजून ऐकावं लागतं.

हार्लन टॅकेट कुंपणावरून सांगायचे:
बियांचा काय भरवसा? गुलाबीच्या पोटी पांढरं येतं.
त्यापेक्षा खालची फांदी वाकव, सालीला चीर दे,
मातीत दाब, वर दगड ठेव.
मुळं फुटली की हुबेहूब तेच झाड.
आई म्हणायची, हुबेहूब घेऊन काय करू?
तेच बघायचं असतं तर चर्चला गेले नसते का?

तीन वर्षांचं रोप
ती मार्चमध्ये चॅटनूगाला घेऊन आली.
तीन तास पिकअपमध्ये, मातीसकट गोणपाटात बांधून.
एका फांदीला लाल लोकर: ही उत्तरेची बाजू,
इथंही उत्तरेलाच राहू दे, बावचळायला नको.
मी खड्डा खोल खणून ठेवला होता, अभिमानानं.
ती काही बोलली नाही.
गुडघ्यावर बसून अर्धा परत भरला,
आणि कडेकडेनं रुंद करत गेली.

उत्तर कुठं, दोघींनाही ठाऊक नव्हतं.
फोनमधलं होकायंत्र म्हणालं, हवेत आठचा आकडा काढा.
आम्ही अंगणात आठ काढत राहिलो,
मातीच्या हातांनी, आळीपाळीनं,
समोरचा कुत्रा भुंकेपर्यंत.

चार वर्षं नुसती पानं.
उन्हाळ्यात बादल्या, बुंध्याशी पाइनच्या सालींचा थर,
आईचे रविवारचे फोन: आधी झाडाची चौकशी, मग माझी.
आता ती गाडी चालवत नाही.

यंदा एप्रिलात थंडी उलटून आली
आणि त्याच आठवड्यात ते फुललं.
चार चार पाकळ्या. पाकळ्या नव्हेतच त्या,
पानंच, टोकाला करपल्यासारखी खाच,
खरी फुलं मधोमध, हिरवट, मोहरीएवढी.
मी फोन केला.
"पांढरं आलं, आई."

पलीकडं किटली शिट्टी देत होती. तिनं ती देऊ दिली.
मग म्हणाली, "हार्लनला सांगू नकोस."
आणि जरा थांबून,
"ती लोकर सोड आता. फांदीला काचत असेल."

लोकर कधीच गळून गेली होती,
कुणा पाखरानं घरट्याला नेली असेल.
सोडते, म्हणाले मी,
आणि उगाच अंगणात जाऊन
उत्तरेकडची फांदी चाचपून पाहिली.