निव्वळ वजन

सावद्याच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
केळीचा ट्रक आला की उठायचं,
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
मधली वजाबाकी पावतीवर.
उरल्या वेळात पावतीच्या पाठीवर
मी एका ताऱ्याचा उजेड लिहिते.

सातपुड्याच्या अंगाला, अभिजितच्या जरा खाली.
त्याला काटा नाही.
या शेजारणीपेक्षा मंद, त्या पलीकडचीपेक्षा ठळक,
उभ्या बागेत नुसत्या डोळ्यांनी
घड जोखावा तसं.

दिसतो एक. आहेत दोन.
इतके जवळ, की एकाचा गोल ओढीनं बिघडलाय,
देठाशी निमुळत्या पपईसारखा.
कुशीवर दिसला की उजेड जास्त,
देठाकडून दिसला की कमी.
आणि देठातून अखंड गळतंय
दुसऱ्याच्या अंगावर.
कापलेलं खोड उभं ठेवतात ना बागेत,
पील पोसायला,
तसं.

घेणारा आता कितीतरी जड,
पण घेतलेल्याच्याच गराड्यात बुडालेला.
आपल्याला दिसतो तो बहुतेक देणाराच.
गराडा त्याच्या आडवा येतो
तेव्हा सगळ्यात मोठा अंधार.

कधी येतो, ते वारके गुरुजींच्या वहीत आहे,
तीस वर्षांपूर्वीच्या शाईत:
बारा दिवस, साडेबावीस तास.
तिथून बोटं मोजत आले.
मंगळवारी रात्री मंदावायला हवा होता.
मंगळवारी तो शेजारणीच्या जवळपास बरोबरीला.
बुधवारी किंचित उतरला. गुरुवारी आणखी.
शुक्रवारी, जेवणं झाली असतील नसतील,
ओळखू येईना इतका विझलेला.

सुपडूभाऊ ट्रक काट्यावर लावून खाली उतरला,
"काय पाहती वं ताई, वर?"
सांगितलं.
तंबाखू मळत म्हणाला,
"रस्त्यात माल चढवत असतीन. मंग उशीर होतोच."

मी हसले. मग हसायची थांबले.

फैजपूरला फोन लावला.
गुरुजींच्या डोळ्यांना आता अभिजितही दिसत नाही.
म्हटलं, वही चुकलेली नाही, गुरुजी,
फेरीच लांबलीय,
दर वर्षी एकोणीस सेकंद,
साचत साचत…
"किती झाला उशीर?"
पावणेतीन दिवस.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"म्हणजे देणं अजून चालू आहे."

बाहेर हॉर्न वाजला.
भरलेली गाडी लिहिली.
रिकामीची जागा
कोरी ठेवली.