स्वच्छतेचे दहा गुण

तालुकास्तरीय चित्रकला स्पर्धा, गट दुसरा.
फळ्यावर विषय: ‘माझा समुद्र’.
वेळ दोन तास.
हॉलच्या खिडक्या आम्ही कड्या घालून लावल्या,
वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून.
खिडक्यांबाहेर समुद्र होता.

नेमका त्याच सकाळी पंप जळला.
शिपाई राणे विहिरीवरून कळश्या आणत राहिले
आणि बासष्ट मुलं श्रीखंडाचे रिकामे डबे घेऊन
रांगेत,
ब्रश बुडेल एवढ्या पाण्यासाठी.
सत्तेचाळीस नंबरची मुलगी थांबली नाही.
मागच्या पायऱ्या उतरून जेटीकडे गेली.
मला वाटलं, लघवीला गेली असेल.

दुपारी चित्रं बाकांवर मांडली.
परीक्षक तिघे: मी,
जामसंड्याच्या प्रभुदेसाई बाई,
आणि बँकेचे मॅनेजर, ढाली त्यांच्याकडून होत्या.
बासष्ट समुद्र.
त्रेपन्नांत सूर्य दोन डोंगरांमधून उगवत होता,
चक्क पाण्यातून, आमच्या देवगडच्या पश्चिमेला.
माड डावीकडे, एकाच कोनात वाकलेला.
तो कोन माझा.
एकोणीस वर्षं शिकवलाय, पाचवी ते आठवी.
होडीला पांढरं शीड;
शेवटची शिडाची होडी या बंदरात
यातल्या कुणाच्या आजोबांनी पाहिली असेल.
डिझेलच्या वासाला रंग नसतो,
आणि आम्हीही कधी विचारलं नाही, कसा काढाल म्हणून.

सत्तेचाळीसच्या कागदावर सूर्य नव्हता.
ट्रॉलर तिरका, डोंगराहून मोठा.
वर बारा माणसं, चेहरा एकालाही नाही,
पायांत मात्र बाराही जणांच्या पिवळे गमबूट,
टाचेच्या घड्यांसकट.
पाणी करडं, बर्फाच्या खोक्यातलं असतं तसं.
आणि आकाश सुकता सुकता फुललेलं:
बारीक पांढरे कण,
चांदण्या म्हणाव्या तर चित्रात भर दुपार.

‘बुरशी आहे,’ मॅनेजर म्हणाले.
‘ब्रश धुतलेला नाही,’ बाई म्हणाल्या.
मी बोट फिरवलं. खरखरीत.
दोघं पुढच्या बाकाकडे वळल्यावर
बोट जिभेला लावलं.

आशय चाळीस, रेखाटन तीस,
रंगसंगती वीस, स्वच्छता दहा.
कागद चुरगळला होता, कडेला अंगठ्याचा ठसा.
मी लाल पेन उघडलं.
पहिली ढाल एका निळ्या समुद्राला गेली,
इतका स्वच्छ, की त्यात पाय घालायला
कुणाचं मन झालं नसतं.

बक्षिसं वाटून झाली, मंडपवाले खुर्च्या रचू लागले.
ती पायरीवर डबा पालथा करत होती.
चैताली कोयंडे, सातवी ब.
‘पाणी खयचा घेतलंस गो?’
‘समुद्राचाच, सर.
तुमीच विषय दिलात.’
ती रागावली नव्हती. भूक लागली होती तिला;
उत्तेजनार्थ मिळालेलं बिस्किट
दातांनीच फोडून ती घाटीने खाली गेली.

चित्रं शाळेच्या कपाटात असतात, वरच्या फळीवर.
आषाढ लागला की मी एकदा ती उघडून बघतो,
वाळवी लागली नाही ना, असं राण्यांना सांगून.
एकसष्ट समुद्र कोरडे ठणठणीत असतात.
एकाचा कागद दमट, हाताला गार,
आकाशातलं मीठ पाणी धरतं,
गमबुटांचा पिवळा किंचित खाली ओघळलेला.

मागच्या बाजूला माझं अक्षर आहे.
स्वच्छता: दहापैकी दोन.
त्या दोनची लाल शाई
दर पावसाळ्यात थोडी पुढे सरकते.
यंदा ती कागदातून आरपार आली,
ट्रॉलरच्या खाली,
पाण्यात.