उतरता लिलाव

ओस्टेंडच्या मासळी-बाजारात ओमेरने एकतीस वर्षं
आकडे वरून खाली ओरडले.
तिथे लिलाव उतरता असतो:
भाव घसरत जातो कुणी "माझं!" म्हणेपर्यंत,
आणि लेपांची पेटी त्याची.

आता पडदा मोजतो. ओमेर आमच्या प्रयोगशाळेत येतो,
दर बुधवारी, तासाचे अकरा युरो,
मुठीत ट्रामचं तिकीट, नखाखाली अजून एखादा खवला.

सकाळी नाकातून कॅमेरा घातला.
सेकंदाला चार हजार चित्रं; मग सावकाश दाखवली:
दोन ओल्या, पांढुरक्या घड्या
मिटतात, उघडतात, डावी जरा मागे राहते.
"ही तर कालवं," तो म्हणाला. "यांच्यावर माझं घर चाललं?"

दुपारी बंद खोली, कानांवर हेडफोन.
ऐकू आलं की हात वर करायचा.
मी एकच सूर कमी करत नेते.
चाळीस. पस्तीस. तीस.
हात. हात. हात.
पंधराला तो डोळे मिटतो.
दहाला हात उशिरा, पण ठाम,
मुरलेल्या गिऱ्हाइकाचा.

मग मी सूर बंदच केला.
हात वर.

'चुकीचा प्रतिसाद', मी लिहिलं. तरी
बारीक मायक्रोफोन त्याच्या कानात ठेवून पाहिला.
आलेखावर टाचणीएवढं टोक:
त्याचा कानच, आतून, कुणी न विचारता,
एक सूर काढत होता.

लिहिलेलं खोडलं.
काचेवर टकटक करून विचारलं, कितीला घेतलंत?
हेडफोन उतरवत तो म्हणाला, "काय?"