लोखंडाला लागला तर दोन

माझगावात, टेकडीच्या पायथ्याशी,
जिथे आता पार्किंगचे तीन मजले आहेत,
तिथे मैदान होतं.
पालिकेच्या कागदावर नाव वेगळं;
आम्ही म्हणायचो गंजपट्टी.

गोदी फुटली त्या साली
आभाळातून एक पत्रा आला, दारापेक्षा मोठा,
आणि थर्ड मॅनला उभा रुतला.
सहा हमाल, दोन बैल, एक शिवराळ मुकादम.
हलला नाही.
मग पास्कल कोलासोने नियम केला:
लोखंडाला लागला तर दोन.
पंचांनी वहीत लिहून घेतलं. विषय संपला.

पास्कल गोदीत फिटर.
तीन बोटांनी लेग स्पिन टाकायचा,
उरलेली दोन क्रेनने ठेवून घेतली होती.
विकेट पडली की ओरडायचा नाही,
हळूच क्रूस काढायचा, फलंदाजासाठी.

धावफलक माझ्या वडिलांकडे.
टिनाचे आकडे, खिळ्याला टांगायचे.
साताचे दोन्ही पत्ते एका वादळात बंदराकडे उडाले,
नवे करायला पैसे मंजूर झाले, आले नाहीत.
तेव्हापासून रिकामा खिळा म्हणजे सात.
परकारांचा इस्माईल एकदा सत्याहत्तरवर जेवायला गेला.
चाळीस मिनिटं नुसते दोन खिळे उन्हात,
आणि पाहुणा संघ विचारतोय,
तुमचा माणूस अजून खातं उघडायचाय का?

मैदान एका दिवसात गेलं नाही.
आधी पूर्वेची बाजू दिली खडी टाकायला, पावसाळ्यापुरती.
मग बाउंड्री आत आली, पंधरा पावलं.
त्या हंगामात ज्याने त्याने शतक ठोकलं
आणि कुणालाच ते सांगावंसं वाटलं नाही.
रोलर वजनावर गेला.
पत्रा कापायला गॅसवाले आले तेव्हा
बाबा थर्ड मॅनला खुर्ची टाकून बसले.
चार तास ठिणग्या.
घरी येऊन म्हणाले, चहा कर.

परवा दुसऱ्या मजल्यावर
वॉचमनची पोरगी फळकुट घेऊन खेळत होती.
रबरी चेंडू माझ्या गाडीच्या दारावर आला,
ठण्ण.
पोरगी थिजली. बाप धावत आला, साहेब, साहेब.
मी काच खाली केली
आणि दोन बोटं वर केली.
त्याला काही कळलं नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं,
चेंडू भावाकडे टाकला,
आणि पायाची जागा जराशी बदलून
माझ्याच दाराच्या रोखाने उभी राहिली.