वाळवण

मुदैबीच्या पुढे डांबर संपतं,
नकाशातली निळी रेघ मात्र धावत राहते
आणि मीही. भाड्याची गाडी, काटा ऐंशीवर,
स्टिअरिंग डावीकडे, सवय उजवीकडे;
वळताना दिव्याऐवजी वायपरच फडफडतो.
शेजारी मंदार झोपलेला.
आरशात धुळीचा फुगत गेलेला लोट,
तो बघून मला उगाच शूर वाटलेलं.

वळणावर उंटीण. पुढचे पाय दोरीने बांधलेले,
तिला घाई करता येत नाही.
ब्रेक. गाडी तिरकी होऊन थांबते
आणि मागून येणारी माझीच धूळ
मला ओलांडून पुढे जाते,
बुटक्या भिंतीपलीकडे चटयांवर पसरलेल्या
उकडलेल्या खजुरांवर सावकाश बसते.

म्हातारा काठी टेकत आला.
(खल्फान. नाव नंतर कळलं.)
ओरडला नाही. उंटिणीला चुचकारून कडेला घेतलं,
चटईवरचा एक खजूर उचलून
माझ्या हातावर ठेवला.
खाल्ला. दाताखाली कचकन वाळू.
मी गिळेपर्यंत तो बघत राहिला.
मग तळहात जमिनीकडे करून
दोनदा खाली दाबला,
तान्ह्याला थोपटावं तसा.
"श्वै, श्वै."

परतताना काटा पंधरावर.
काचा खाली. कुणीतरी दारातून हात केला,
मीही केला.
मंदार जागा झाला. "काय रे, पंक्चर?"
"नाही," म्हटलं,
"लोकांच्या वाळवणातून चाललोय."