पगारपुस्तक

कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर, माझा जर्मनचा क्लास.
साडेचारची बॅच नर्सेसची. सुरगाण्याच्या, पेठच्या मुली,
मार्चमध्ये निघतील श्टुटगार्टच्या इस्पितळात.
त्याआधी, चारच्या सुमारास, सुयोग कोठुळे आला
मोहाडीहून, फवारणी अर्धी टाकून,
आणि खताच्या दुकानाच्या पिशवीतून काढलं
तपकिरी, तळहाताएवढं पुस्तक.

"आजोबांच्या ट्रंकेत होतं. इटलीहून आणलेलं.
एवढंच सांगा मॅडम, कोण होता."

त्र्यंबक कोठुळे. लढाईहून आल्यावर
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं.
रोज गेटवर झडती, रोज हात वर.
कोट्यवधीच्या नोटा हाताखालून गेल्या,
कपटासुद्धा घरी आला नाही.
दुसऱ्याचा म्हणावा असा कागद घरात हाच.

मी चष्मा पुसते. अक्षर जुन्या वळणाचं,
आपल्या मोडीसारखं, हात न उचलता धावणारं.
राइनहोल्ट एसलिंगर. जन्म एकोणीसशे तेरा.
धंदा: द्राक्षबाग.

"काय?"
मी परत वाचते.
"जात कुठली?" आणि लगेच, ओशाळून, "द्राक्षाची म्हणतोय मी."
तो रकाना नाही, सुयोग.

रकाने आहेत ते असे.
एकोणचाळीसला लेफ्टनंट. शिक्का, सही.
पोलंड. मग फ्रान्स, आणि तिथं एक दाढ काढली.
बेचाळीसला कॅप्टन. त्याच पानावर चष्म्याचा नंबर वाढलेला.
दोन घोंगड्या, एक चमचा, बूट एक जोड, माप चव्वेचाळीस.
डाव्या खांद्यात लोखंडाचा तुकडा, इस्पितळात सहा आठवडे.
रजा एकवीस दिवस, सप्टेंबर.
"तोडणीला गेला असणार," सुयोग म्हणतो,
पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून.

मग रशिया. तीन आठवडे, "विशेष कामगिरी."
त्यानंतर पदक.
"कशाबद्दल?"
मी पान उजेडाकडे धरते. पाठीमागची शाई दिसते, बाकी काही नाही.
चमच्याची नोंद ठेवणाऱ्या पुस्तकात
त्या तीन आठवड्यांत कुठल्या गावात कोण उरलं
याला जागा सोडलेली नाही.
मी वाचते तेवढंच, जसंच्या तसं. माझा आवाज मात्र उतरतो,
आणि त्याची पाठ खुर्चीवरून सुटते.

बायकोचं नाव खोडलेलं. त्याखाली आईचं.
पगार नोव्हेंबर त्रेचाळीसपर्यंत उचललेला.
पुढची पानं कोरी, छापील रेघा वाट बघत.

"म्हणजे आमच्या आजोबांनीच..."
ते इथं नाही लिहीत कुणी.
"विचारलं की ते सांग्रो नदीचं पाणी सांगायचे.
केवढं गार, केवढं गढूळ. पाण्यापुढं कधी गेलेच नाहीत."

पुस्तक मिटता मिटता मागच्या पुठ्ठ्याच्या आत
निळी पेन्सिल दिसते. ठसठशीत बाळबोध अक्षर,
चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं.
हे तुम्ही वाचा, मी म्हणते. माझ्या विषयातलं नाही.

सुयोग बोट ठेवून वाचतो, शाळेत वाचावं तसं:
"बूट काढले. लई मोठे. परत घातले त्याला.
नाड्या बांधल्या."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडतंय.
तो पुन्हा वाचत नाही. फी विचारतो,
मी आकडा सांगते, तो शंभराच्या नोटा मोजतो
आणि मध्येच एक नोट उलटी करून बघत राहतो.

जिन्यात मुलींचे आवाज. आजचा धडा सोपा आहे:
कुठं दुखतंय, किती दिवसांपासून, हात हलवता येतो का.
दाराबाहेर चपला निघतात, अकरा जोड,
एकीवर एक, घाईघाईत.
सुयोग उंबऱ्यापाशी वाकतो,
त्या ढिगातून आपले बूट शोधतो,
घालतो,
आणि नाडी बांधायला
त्याला बराच वेळ लागतो.